वलंदेजांचं फावडं

१९ मे. आज भावाचा गोठा रिकामा करायचा होता. गोठ्यात गुरं नाहीत त्याला वीस वर्षं झाली. आता तिथं त्याला गाडी उभी करायची आहे. त्याची पाठ धरलेली, वहिनीला धुळीनं शिंका येतात, म्हणून दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि सकाळी साडेसातला डोंबिवलीहून रिक्षानं गावात आले. पूर्वी या वाटेच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. आता इमारती आहेत. त्यांतली एक आमचीच आहे, तेव्हा मला उसासे टाकायचा हक्क नाही.

जुन्या वस्तूंचा मला कळवळाही येत नाही. नळ आणि पाइप विकायचं माझं दुकान आहे. जे गळतं ते बदलायचं, इतकं साधं. अंगणात तीन ढीग करायचे ठरवले: भंगारात द्यायचं, जाळायचं आणि ठेवायचं. नऊ वाजेपर्यंत तिसऱ्या ढिगात फक्त एक पाटा होता.

मग गव्हाणीच्या मागून खताची प्लास्टिकची गोणी निघाली. आत काळी टोपी. पुठ्ठ्याची, उंच, रुंद काठाची, वर चिकटवलेला काळा कागद आता चहाच्या चोथ्यासारखा झालेला. पुढे सिगारेटच्या चांदीचं चौकोनी बक्कल. नाकाला लावली. कणकेच्या खळीचा वास अजून होता, उंदरांच्या वासाखाली.

वहिनी, सुगंधा, दारात उभी होती. "ताई, हे काय? कोणाच्या वरातीतलं?"

"माझी टोपी आहे. मी वलंदेज होते."

"काय होतात?"

"वलंदेज. म्हणजे डच. हॉलंडची माणसं असतात ना, ती."

उन्हात फार वेळ उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. टोपी कुठल्या ढिगात टाकायची हे ठरेना, म्हणून तात्पुरती खुंटीला अडकवावी म्हणून वळले. तेव्हा लक्षात आलं. खुंटी रिकामी होती. त्या खुंटीवर फावडं असतं. आमच्या वडिलांचं, बाबांचं. दांडा हाताच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला. दर मे महिन्यात ते बांधावर जातं आणि काम झालं की धुऊन परत येतं. आज बांधाचा दिवस नव्हता, आणि फावडं घरात नव्हतं.

भाऊ, बाळ्या, ओटीवर खुर्चीत पाठीला उशी लावून बसला होता. बावन्न वर्षांचा आहे, पण बाळ्याच. त्याला विचारलं, "फावडं कुठाय?"

तो पेपर वाचत राहिला. पेपर कालचा होता.

"बाळ्या."

"रोवून आलोय," तो म्हणाला. "परवाच."

मी तशीच परत गोठ्यात गेले आणि कामाला लागले. हात चालू असले की मला नीट विचार करता येतो.

आमचं गाव खाडीकाठचं. खाडी म्हणजे समुद्रानं जमिनीत घातलेला हात. दिवसातून दोनदा पुढे येतो, दोनदा मागे जातो. त्याला 'इथपर्यंतच' असं सांगतो तो बांध. चिखलाचा, पुरुषभर उंच, वर एक माणूस चालेल इतका रुंद. अलीकडे गोडं भात, पलीकडे खाजण, म्हणजे तिवरांची झाडं आणि खारं पाणी. लहानपणी बांधावरून चालताना एका कानाला बेडूक ऐकू यायचे आणि दुसऱ्या कानाला चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारायच्या त्याचा चटाक-चटाक आवाज. उजव्या नाकपुडीत लोंब्यांचा दुधाळ वास, डावीकडे ओहोटीच्या चिखलाचा, अंडं नासल्यासारखा. स्टेशनाकडची माणसं तो वास आला की नाकाला रुमाल लावायची. आम्हाला त्या वासानं भूक लागायची, कारण ओहोटी म्हणजे उघाडीपाशी कोलंबी.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. लाकडी फळीचं, वरून टांगलेलं. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. भरतीला खाडी तिला ढकलून बंद करायची. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. माझ्या दुकानात आज वीस तऱ्हांचे व्हॉल्व्ह आहेत, पण त्या फळीइतका शहाणा एकही नाही.

रोहिणी लागायच्या आधी गावकी बसायची आणि बांधाचा दिवस ठरायचा. घरटी एक माणूस. प्रत्येक घराचा बांधाचा वाटा ठरलेला, दोन्ही टोकांना दगड. पुरुष ओहोटीत उतरून चिखल कापायचे, बायका ओळीनं उभ्या राहून त्याचे गोळे हातोहात वर द्यायच्या, मुलांनी खेकड्यांची भोकं शोधायची. बांधाचा वैरी समुद्र नव्हे, खेकडा. मनगटाएवढं भोक, एक उधाण, आणि सकाळपर्यंत खांड पडलेली. खांड म्हणजे बांधाला गेलेलं भगदाड. ज्याच्या वाट्यात खांड पडली त्याचंच शेत बुडतं असं नाही. पाणी दगड बघत नाही. म्हणून ज्या घरचा माणूस बांधाला आला नाही, त्या घरच्या हळदीला कोणी नाचायला जायचं नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

मी नववीत असताना आम्हाला सामंत बाई इतिहासाला आल्या. शाळा डोंबिवलीत, गावापासून पाऊण तास चालत. बाई वेंगुर्ल्याच्या. बारीक, तांबूस काठाच्या सुती साड्या नेसणाऱ्या, आणि रागावल्या की चष्मा काढणाऱ्या. भारतात आलेल्या युरोपियनांचा धडा होता. पोर्तुगीजांना एक पान, इंग्रजांना पुढचं सगळं पुस्तक, आणि डचांना दोन ओळी. बाईंनी चष्मा काढला.

"दोन ओळी! अरे, आमच्या गावात वखार आहे त्यांची. आम्ही तिच्यात लपाछपी खेळायचो. आपल्या जुन्या कागदांत त्यांना वलंदेज म्हणतात. आले कुठून, का आले, हे कोणी विचारायचंच नाही?"

आणि मग चार तास, मोगलांना तिष्ठत ठेवून, बाईंनी वलंदेज सांगितले. समुद्राच्या पातळीखाली असलेला त्यांचा मुलूख. तिथं राजा येण्याच्या आधी बांध आला, आणि बांध राखायला शेतकऱ्यांनी आपापसात नेमलेली पंचायत. लांब स्पेनमध्ये बसलेला राजा, त्याचे कर, त्याचा धर्म. त्याच्याविरुद्ध उठलेली ही चिखलातली माणसं. दरबारी लोकांनी त्यांना भिकारी म्हटलं, तर त्यांनी तेच नाव मिरवलं, समुद्रातले भिकारी म्हणून. शेवटी सात प्रांतांनी एक होऊन राजालाच सांगितलं की तू आमचा नाहीस.

मी हात वर केला. "बाई, त्यांच्यात घरटी एक माणूस, का जमिनीच्या हिशेबानं?"

"कशाला?"

"बांधाला."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "बोलली खाजणवाली!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावलं, खडू दिला आणि म्हणाल्या, "काढ." मी बांध उभा कापल्यासारखा काढला: खाडीकडची बाजू पसरट, शेताकडची उभट, मधे उघाडी, फळी कुठल्या बाजूला उघडते त्याचा बाण. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग डस्टर घेऊन आजूबाजूचं पुसलं आणि बांध तसाच ठेवला. त्या फळ्यावर तोवर आमच्याकडचं काही आलेलं नव्हतं. पुढच्या तासाला भूमितीच्या सरांनी विचारलं, ही आकृती कुठल्या प्रमेयाची?

त्या रविवारी बाई छत्री घेऊन गावात हजर. "तुझ्या वडिलांना भेटायचंय."

बाबांचं नाव गणपत. बोलायला कमी, आणि बोलले तर एकदम शेवटचंच. ते बाईंना बांधावर घेऊन गेले. पुढे बाबा, मागे साडी पोटरीपर्यंत उचललेल्या बाई, त्यांच्या मागे मी चपला हातात घेऊन. बाळ्या तेव्हा अकराचा. तो सगळ्यांच्या पुढे पळत होता. हिवाळा होता. भात कापून झालेला, खाचरांत वाल पेरलेला, आणि ऊन साईसारखं. बाई दोन्ही हातवारे करत सांगत होत्या. लायडन नावाचं शहर. राजाच्या फौजेनं वेढलेलं, आत माणसं उपाशी. मग वलंदेजांनी स्वतःचेच बांध फोडले. समुद्र शेतांवरून चालत आला, त्यावरून बोटी आल्या, फौज पळाली. बोटींतून शहरात पाव आणि मासळी आली.

बाबा थांबले. "सोताचं शेत बुडवलं?"

"हो. शहर वाचवायला."

"मंग किती वर्सं खारं रायलं?"

बाईंना कळेना. बाबांनी समजावलं, खाडीचं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन पावसाळे भात होत नाही; माती धुवावी लागते. तर त्यांच्यात किती वर्षं गेली?

"ते पुस्तकात नाही हो," बाई म्हणाल्या.

"मंग पुस्तक लिवणाऱ्यानं शेती केली नसंल."

बाई इतक्या हसल्या की त्यांची छत्री खाजणात पडली. ती काढता काढता बाबांनी दुसरं विचारलं. ही माणसं मग आपल्याकडे कशाला आली? बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी सांगितलं ते मी वर्गात ऐकलं नव्हतं. राजा गेला, मग जहाजं आली, कंपनी आली. मसाल्याच्या बेटांवर गेले, जायफळासाठी तिथली माणसं मारली, उरलेली हाकलली. आफ्रिकेच्या टोकाला जाऊन तिथल्या गुराख्यांच्या कुरणांवर वस्ती केली. वेंगुर्ल्याला मात्र वखारीपुरतेच राहिले.

"सोताचा बांध कळला," बाबा म्हणाले, "दुसऱ्याचा नाय कळला."

दोघं खाडीकडे बघत उभी राहिली. समोर ओहोटी लागली होती आणि उघाडीची फळी हळूच हलायला लागली होती.

परत येताना बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडच्या जुन्या रिवाजात, ज्याला आपला बांधाचा वाटा झेपेनासा होई तो त्यात कुदळीसारखं अवजार रोवून निघून जाई. जो ते उपटेल, त्याचा बांध आणि मागची जमीनही. बाबा म्हणाले, "ह्ये बरं हाय. भांडान नाय." एवढंच. मला वाटलं, विसरले.

बाईंनी ठरवलं, यंदाच्या संमेलनात वलंदेजांचं नाटक. मी शेतकऱ्यांची म्होरकी, कारण फावडं धरता येणारी मुलगी मी एकटीच. टोप्या बाईंनी पुस्तकातल्या चित्रावरून घरी केल्या, रात्री खळ शिजवून. समुद्र म्हणून बाईंच्याच दोन निळ्या साड्या. बांध पुठ्ठ्याचा करायचा होता, पण बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "लाज आणाल गावची." संमेलनाच्या दोन दिवस आधी बैलगाडीतून खाडीचा चिखल शाळेत आला. बाबा आणि शेजारचे दोघं. रंगमंचावर ताडपत्री टाकून त्यांनी कमरेएवढा बांध घातला, पेंढा मिसळून, थापून, खाडीकडची बाजू पसरट ठेवून. मुख्याध्यापक नाक धरून आले. "हा वास जाणार कधी?" बाबा म्हणाले, "वास गेला तर बांध गेला समजा."

एक चूक झाली, आणि ती आमच्याच माणसांच्या हातून होण्यासारखी होती. नाटकात तो बांध फोडायचा होता, हे ती तिघं विसरली. बांध फुटण्यासाठी घालायचा असतो ही कल्पनाच त्यांच्या हाताला शिकवलेली नव्हती. त्यात दोन दिवस ऊन खाऊन तो दगड झाला.

संमेलनाला अर्धं गाव आलं होतं, मागच्या बाकांवर. आमचा प्रसंग आला. पडद्यामागून उपाशी शहराचं रडणं. मी काळी टोपी सावरून ओरडले, "फोडा बांध! समुद्राला आत येऊ द्या!" आणि फावडं घातलं. पातं टणकन उडालं. पुन्हा घातलं. पाचही वलंदेजांनी घातलं. बांधाचा टवका उडेना. साड्या धरलेल्या मुली मागे समुद्र हलवत ताटकळल्या. पुढच्या रांगांत खुसखुस सुरू झाली आणि मागून आमच्याकडचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कसा फुटंल? गनपतनी घातलाय!" गावानं टाळ्या वाजवल्या. लायडन उपाशी मरत होतं आणि आमचं गाव बांधाचं कौतुक करत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागानं. तेवढ्यात बाबा उठले. मधल्या वाटेनं आले, पायरीशी चपला काढल्या, रंगमंचावर चढले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर गांधी टोपी. वलंदेजांत कुठेच न बसणारे. बांधासमोर वाकले. त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मग माझ्या हातातलं फावडं न घेता, उजव्या बाजूला खाली, टाचेनं एक गोळा मागे ओढला. फक्त एक. क्षणभर काही झालं नाही. मग वरचा भाग खचला, त्याच्या शेजारचा खचला, आणि सगळा बांध ताडपत्रीवर बसला.

मागच्या बाकांवरून आमच्या बायकांनी "आयो!" असा एकच आवाज काढला, खरी खांड पडल्यासारखा. टाळ्या नाहीत. निळ्या साड्या पळत आल्या, आमच्या अंगावरून, बाबांच्या अंगावरून. बाई विंगेत पुस्तिका छातीशी धरून उभ्या होत्या. पुढचं वाक्य सांगायचं त्या विसरल्या. ते नाटक तिथंच संपलं. जहाजं, कंपनी, जायफळाची बेटं, वेंगुर्ल्याची वखार, सगळं राहून गेलं. बाईंना त्याची फार हळहळ. "अर्धाच इतिहास दाखवला आपण," त्या नंतर म्हणाल्या, "चांगला तेवढा."

वखार मी पुढे बघितली, लग्नानंतर, बाई निवृत्त होऊन गावी गेल्या तेव्हा. जांभ्याच्या भिंती, छप्पर नाही, झाडांची मुळं खिडक्यांतून आत. शेळी एका कोनाड्यात उभी होती. बाई म्हणाल्या, "बघ, बांध असता तर कोणीतरी दरवर्षी डागडुजी केली असती."

आणि बाबा विसरले नव्हते. मी तेवीसची होते, माझं लग्न ठरलेलं. बाळ्या नुकताच मोहन्याला कारखान्यात लागला होता, पाळीनं जायचा. बाबांना दम लागायला लागला होता, पण ते कोणी बोलायचं नाही. त्या वर्षी बांधाच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी गेले आणि सगळ्यांच्या आधी परत आले. बाजेवर पडले, तोंड भिंतीकडे. थोड्या वेळानं माणसं हसत आली: गणपत फावडं विसरला बांधावर.

मला कळलं. मी धावत गेले. बाईंच्या चित्रातलं अवजार सरळ पात्याचं होतं, ते झेंड्यासारखं उभं राहायचं. आमचं फावडं वाकडं. पातं पुरतं चिखलात रुतवलेलं आणि दांडा आडवा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटाला लागेल असा. रुबाबदार काही नव्हतं त्यात. वाटेत बसलेल्या जनावरासारखं दिसत होतं. बाळ्या पाळीवरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो कुरकुरला. "मी दिवसभर मशीन ओढायचं आणि वर हे?" पण डबाही न ठेवता गेला आणि उपटलं.

संध्याकाळी बाबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "कोनी काढलं?"

"बाळ्यानं."

"बरं." आणि ते कुशीवर वळले, आमच्याकडे.

पुढे गावातल्या आणखी तिघा-चौघांनी तसं केलं. त्याला नावच पडलं. 'शंकरनं वलंदेजी केली' म्हणजे शंकर थकला, त्यानं सन्मानानं सोडलं. पोरांना वाटतं हा शब्द पांडवांपासूनचा आहे. दर वेळी कोणी ना कोणी फावडं उपटलं. मुलानं, पुतण्यानं, एकदा जावयानं. रोवलेलं फावडं अमावस्येच्या उधाणापर्यंत राहिलं असं झालं नाही.

दुपारी गोठा झाडून झाला. मी पाणी मारलं, हातपाय धुतले आणि बाळ्याच्या समोर जाऊन बसले.

"किती दिवस झाले म्हणालास?"

"दोन. आता तू सुरू नको होऊ, ताई. माझी पाठ बघ. पोरगा बंगलोरला. आणि आपल्याला काय कमी आहे? ती सात गुंठ्यांची चिंधी, त्यात भात किती होतो? वर्षाचं पोतंभर. आपण तो वाटूनच टाकतो."

"आपलं जाऊ दे. शेजारचं शेत कोणाचं?"

शेजारचं शेत काशीवैनीचं. पासष्टीची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, अजून स्वतः लाल भात लावते आणि थंडीत वाल. तिचा वाटा आमच्या दगडापासून सुरू होतो. तिचा बांध ती बोटांनी लिंपते, भिंत सारवावी तसा. पण खांड आमच्या वाट्यात पडली तर पाणी तिच्याच शेतात आधी जाणार, कारण तिचं खोलगट.

"तिला कळलंय?" मी विचारलं.

"कळणारच. फावडं दिसतंय की." तो उशी सरकवत म्हणाला. "काल येऊन गेली. पेरणीचं भात निवडत होती, ते सूप घेऊनच आलेली. ओटीवर बसली, निवडत बसली, आणि गेली."

"बघ."

"काय बघ? तू तर नांदायला गेलेली. घरटी एक माणूस, ते घर माझं. तू कोण उपटणारी?"

"बाबांनी घर विचारलं नव्हतं. 'कोणी काढलं' एवढंच विचारलं होतं."

सुगंधा चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. बाळ्यानं पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग एकदम अकरा वर्षांचा असल्यासारखा म्हणाला, "मला वाटलं, दोन दिवसांत कोणीतरी काढेल. शंकरचा जावई काढेल. कोणीच नाही काढलं गो. मी गच्चीवरून बघत असतो."

त्याला तसंच बसू दिलं. रडणाऱ्या माणसाला मला समजावता येत नाही, आणि तो रडतच होता असंही नाही. अमावस्येला सहा दिवस होते. मी सुगंधाला विचारलं, गमबूट आहेत का घरात? होते, तिच्या मुलाचे, एक नंबर मोठे. दुकानात फोन करून नवऱ्याला सांगितलं, आज मुक्काम इथंच. आणि उद्या दुकान तूच उघड, मला उशीर होईल. तो म्हणाला, "काही गळतंय का?" मी म्हणाले, "अजून नाही."

टोपी कुठल्याच ढिगात गेली नाही. फावड्याच्या खुंटीवर अडकवली.

२० मे. सकाळी सहाला ओहोटी होती. गमबुटांत दोन-दोन मोजे घालून गेले. पलीकडच्या इमारतींत गाणी लागली होती, तिवरांत बगळे, आणि तोच वास; तो गेलेला नाही म्हणजे बांधही गेलेला नाही. फावडं होतं तिथंच होतं, दांड्यावर खंड्या बसला होता, तो उडाला. शेजारच्या वाट्यात काशीवैनी वाकून लिंपत होती. तिनं मान वर केली, मला बघितलं, पुन्हा खाली घातली. मी दांडा धरून ओढला. आला नाही. बाळ्यानं सगळा राग काढून रोवलं होतं. डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, टाच लावली. चिखलानं मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि पातं सुटलं. मी मागे बसले ती थेट चिखलात.

"लागलं का गो?" वैनीनं विचारलं.

"नाही."

"मंग त्ये भोक बुजव आधी. खेकडा वाटच बघत असंल."

बरोबर होतं. पात्यानं हातभर खोल चीर पाडली होती. बांधाला गेलेली पहिली फट आमच्याच फावड्याची. ओहोटीत उतरले, चिखल कापला, गोळा केला, चिरेत घालून टाचेनं दाबला. मग दुसरा. मग आमच्या दगडापासून सुरुवात करून खेकड्यांची अकरा भोकं बुजवली. साडेनऊला फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि ओटीवरच्या माणसाला दिसेल अशा बाजूनं घरी आले.